सोसायटीचा सीसीटीव्ही खऱ्या अर्थाने ताब्यात कसा घ्यावा

कॅमेरे सोसायटीचे, हार्डडिस्क सोसायटीची, एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) चेकही दरवर्षी सोसायटीच देते. पण ॲडमिनचा पासवर्ड विचारला की उत्तर येतं, "तो बसवणाऱ्या मुलाकडे आहे, फोन करून बघतो." त्या मुलाने हाताखालच्या पंचवीस इमारतींना एकच पासवर्ड दिलेला असतो, आणि पासवर्ड विसरल्यास ज्या ईमेलवर कोड जातो तो ईमेलही त्याचाच असतो.

पुढे पार्किंगमधून बाईक गेली किंवा कोणाच्या घरी चोरी झाली की कमिटी खडबडून जागी होते आणि घाईत नेमक्या उलट्या क्रमाने कामाला लागते. आधी घड्याळ दुरुस्त होतं, मग पासवर्ड बदलला जातो, मग फूटेज काढायला बसतात. तोवर हवा तो दिवस पुसला गेलेला असतो, किंवा पासवर्ड बदलल्यापासून निम्म्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगच बंद पडलेलं असतं. म्हणून खालचा क्रम महत्त्वाचा. दोन माणसं आणि एक रविवार एवढ्यात हे काम होतं.

हा धोका फक्त चोरीपुरता नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांमध्ये लातूर आणि सांगलीचे तरुण होते. तिथे कोणी कुलूप फोडलं नव्हतं, सिस्टीमच उघडी पडली होती.

## तयारी: काय जवळ हवं

कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा दोन प्रकारचा असतो. आधी आपल्याकडे डीव्हीआर आहे की एनव्हीआर, ते बघा. डब्याच्या मागे गोल, फिरवून बसणाऱ्या बीएनसी पिनांच्या रांगा असतील तर तो डीव्हीआर. कॅमेऱ्यांच्या वायरी इंटरनेटच्या केबलसारख्या असून त्या मागच्या खाचांत किंवा पीओई स्विचमध्ये (एकाच केबलमधून कॅमेऱ्याला वीज आणि नेटवर्क दोन्ही देणारा डबा) जात असतील तर एनव्हीआर. पुढे दोघांनाही रेकॉर्डर म्हटलं आहे. जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

जवळ ठेवा:

- ३२ जीबीपर्यंतचे दोन पेनड्राइव्ह, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले. बऱ्याच रेकॉर्डरना ६४ जीबीचा पेनड्राइव्ह दिसतच नाही आणि लोक यूएसबी पोर्टच खराब आहे असं समजतात.
- माउस आणि मॉनिटर. ही सगळी कामं रेकॉर्डरसमोर बसून करायची, मोबाइल ॲपवरून नाही.
- सोसायटीच्या नावाचा ईमेल आणि ऑफिसचा मोबाइल नंबर. सेक्रेटरींचा वैयक्तिक ईमेल चालणार नाही. कमिटी बदलते, ईमेल मात्र त्यांच्याकडेच राहतो.
- एक वही: प्रत्येक कॅमेऱ्याचा क्रमांक, जागा, मॉडेल, आणि आयपी कॅमेरा (एनव्हीआरला जोडला जाणारा) असेल तर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक.
- कमिटीचा ठराव: ॲडमिन पासवर्ड कोणत्या दोघांकडे राहील आणि फूटेज कोणाच्या परवानगीने निघेल. ठराव नसेल तर पासवर्ड बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी "मला का नाही?" हा वाद सुरू होतो.

सूचना: बसवणाऱ्याला आधी कळवा आणि सध्याचा ॲडमिन पासवर्ड लेखी घ्या. भांडण काढू नका. टप्पा ३ मध्ये त्याच्या ॲपमधून एक गोष्ट करून घ्यावी लागते, आणि तो रुसला तर ते काम आठवडाभर लांबतं.

## १. आधी फूटेज वाचवा, मग बाकी सगळं

एखादी घटना घडली असेल किंवा घडल्याचा संशय असेल तर कुठलीही सेटिंग बदलण्याआधी त्या काळाचं फूटेज पेनड्राइव्हवर काढा. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास धरा.

त्याहीआधी एक फोटो काढा. मॉनिटरवर रेकॉर्डरचं घड्याळ आणि शेजारी मोबाइलचं घड्याळ, दोन्ही एकाच फोटोत दिसली पाहिजेत. रेकॉर्डर किती मागे किंवा पुढे आहे ते वहीत लिहा. रेकॉर्डर १७ मिनिटं मागे असेल तर रात्री २:१० ची चोरी त्याच्यात १:५३ ला सापडेल. हा फरक न बघता लोक २:१० भोवतीचं फूटेज चाळतात, काही सापडत नाही, आणि "कॅमेरा बंद होता" असं पोलिसांना सांगून मोकळे होतात.

घड्याळ आत्ता दुरुस्त करू नका. घड्याळ मागे घेतलं तर त्या तेवढ्या वेळाचं रेकॉर्डिंग दोनदा होतं आणि शोधताना काही मॉडेल त्यातलं एकच दाखवतात.

तपासा: पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून फाइल खरोखर चालते का ते बघा. रेकॉर्डरने "यशस्वी" म्हटलं यावर विसंबू नका.

## २. इंटरनेटची केबल काढा

रेकॉर्डर राउटरपासून सोडवा. केबल कोणती काढायची ते नीट बघा. एनव्हीआर आणि पीओई स्विच यांच्यामधली केबल काढली तर सगळे कॅमेरे जातील. काढायची ती स्विचपासून किंवा रेकॉर्डरपासून राउटरकडे जाणारी. काढल्यावर पडद्यावर सगळी चित्रं तशीच दिसली पाहिजेत.

काम पूर्ण होईपर्यंत ही केबल बाहेरच राहील. अर्धवट बदललेल्या पासवर्डांसह रेकॉर्डर इंटरनेटवर उघडा ठेवणं ही सगळ्यात वाईट अवस्था.

## ३. खाती: कोण कोण आत शिरू शकतं

वेळ लागतो तो याच टप्प्याला, आणि लोक आटपतंही घेतात ते इथेच. युजर मॅनेजमेंटचं पान उघडा आणि खालील क्रमाने जा.

अ. यादी वाचा. ॲडमिनशिवाय आणखी कोणती नावं आहेत? "टेस्ट", "सर्व्हिस", एखाद्या जुन्या चेअरमनचं नाव. ज्याचं कारण कोणालाच सांगता येत नाही ते खातं काढा. काही जुन्या मॉडेलमध्ये "डिफॉल्ट" नावाचं खातं काढताच येत नाही. त्याचे सगळे अधिकार बंद करा आणि पासवर्ड बदला.

आ. पासवर्ड परत मिळवायची वाट आधी बदला. रिकव्हरी ईमेल, मोबाइल नंबर आणि सुरक्षा प्रश्न सोसायटीचे करा. पासवर्ड बदलला आणि ईमेल बसवणाऱ्याचाच राहिला, तर तो दोन मिनिटांत नवा पासवर्ड लावू शकतो.

इ. मग ॲडमिनचा पासवर्ड. १२ ते १६ अक्षरं. अनेक रेकॉर्डर १६ च्या पुढे घेत नाहीत. सोसायटीचं नाव, सर्व्हे नंबर, पिनकोड यांतलं काहीही नको, ते गेटवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ॲट, कोलन आणि तिरकी रेघ ही चिन्हं टाळा. वेगळ्या कंपनीचा कॅमेरा जोडताना पासवर्ड पत्त्याच्या ओळीत टाकावा लागतो आणि या चिन्हांमुळे ती ओळ तुटते.

ई. वॉचमनसाठी वेगळं खातं. त्याला फक्त चालू चित्र दिसेल एवढाच अधिकार द्या. मागचं बघणं, कॉपी काढणं, फॉरमॅट, सेटिंग हे सगळं बंद. यात त्याच्यावर अविश्वास नाही, उलट त्याचंच संरक्षण आहे. "फूटेज डिलीट कर" असा दबाव आला तर "मला ते करताच येत नाही" हे त्याचं उत्तर खरं असेल.

उ. पाच मिनिटांत आपोआप लॉगआउट. पॅटर्न लॉक असेल तर काढून टाका. केबिनमध्ये बसलेला कोणीही माउसची हालचाल बघून तो शिकतो.

ऊ. क्लाउड खात्यातून सोडवणूक. मोबाइल ॲपवर कॅमेरे दिसतात ते कोणाच्या खात्यातून? बहुतेक वेळा बसवणाऱ्याच्या. अनेक कंपन्यांच्या सिस्टीममध्ये रेकॉर्डर एका वेळी एकाच खात्याला बांधलेला असतो आणि पासवर्ड बदलला तरी ती गाठ सुटत नाही. बसवणाऱ्याला त्याच्या ॲपमधून रेकॉर्डर काढून टाकायला सांगा, समोर बसवून. त्याचा फोन लागत नसेल तर खरेदीचं बिल आणि सिरीयल नंबर देऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडून ते करून घेता येतं.

रेकॉर्डरच्या बुडाशी क्यूआर कोडचा स्टिकर असतो. त्यावर सिरीयल नंबर आणि बऱ्याचदा पडताळणी कोडही छापलेला असतो. त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असेल तर पडताळणी कोड बदला.

तपासा: जुन्या पासवर्डने लॉगइन करून बघा. नकार यायला हवा. हे एकदाच करा, कारण चुकीचे प्रयत्न वाढले की रेकॉर्डर काही वेळ स्वतःला बंद करून घेतो.

## ४. फर्मवेअर

२०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत अशी त्रुटी सापडली की पासवर्ड न देताही बाहेरून कॅमेऱ्यावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. अशा वेळी पासवर्ड कितीही मोठा असला तरी उपयोग नाही, फर्मवेअरच, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारं मूळ सॉफ्टवेअरच बदलावं लागतं.

स्टिकरवरचं पूर्ण मॉडेल, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. फाइल तिथूनच घ्या, यूट्यूबच्या व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून नाही. शेवटचं एक अक्षर चुकलं तरी डबा निकामी होऊ शकतो. अपडेट चालू असताना वीज गेली तरी तेच. म्हणून यूपीएस चालू आहे याची खात्री करूनच सुरू करा.

कंपनीने त्या मॉडेलची अपडेट बंद केली असतील तर तो रेकॉर्डर पुन्हा इंटरनेटला जोडू नका. आतल्या आत रेकॉर्डिंग करायला तो अजून काही वर्षं चालेल. नवा घ्यायची वेळ आली तर लक्षात ठेवा: ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विक्रीला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने सुरक्षा चाचणी बंधनकारक केली आहे. कोटेशनमधलं मॉडेल एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेच्या प्रमाणित यादीत आहे का ते बघा. दुकानदाराकडे पडून राहिलेला जुना माल स्वस्तात मिळतो, आणि तो मिळतो तो याच कारणाने.

## ५. प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड (फक्त एनव्हीआर)

डीव्हीआर असेल तर हा टप्पा सोडा. त्या कॅमेऱ्यांना स्वतःचा पासवर्ड नसतो.

आयपी कॅमेरा हा स्वतंत्र छोटा संगणक आहे. एनव्हीआरचा पासवर्ड बदलला म्हणून कॅमेऱ्याचा बदलत नाही. दुसऱ्या बाजूने, कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलून तो एनव्हीआरमध्ये टाकायला विसरलात, तर त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. पडद्यावर सोळांतला एक चौकोन काळा पडलेला कोणाच्या लगेच लक्षात येत नाही.

म्हणून एकेक कॅमेरा घ्या. पासवर्ड बदला, एनव्हीआरमध्ये त्या चॅनेलला नवा पासवर्ड द्या, चित्र परत आलं हे बघा, दोन मिनिटं थांबून मागचं रेकॉर्डिंग चालवून बघा, वहीत टिक करा, मगच पुढचा. सोळाही एका दमात बदलायचा मोह आवरा.

## ६. घड्याळ

आता घड्याळ लावायचं. आधी टाइमझोन +५:३० करा, डेलाइट सेव्हिंग बंद करा, मग वेळ.

पहिल्या टप्प्यात लिहिलेला फरक इथे कामाला येतो. रेकॉर्डर बरोबर अडीच तास पुढे असेल तर टाइमझोन चीनचा, म्हणजे +८ राहिला आहे. फरक विचित्र असेल, सहा मिनिटं किंवा १७ मिनिटं, तर घड्याळ हळूहळू सरकलं आहे. वीज जाऊन आली की तारीख थेट काही वर्षं मागे जात असेल तर आतला बटणासारखा सेल संपला आहे. तो कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो आणि बदलणं पाच मिनिटांचं काम आहे.

एक सापळा: पूर्वी कोणीतरी टाइमझोन +८ तसाच ठेवून घड्याळ हाताने बरोबर केलेलं असतं. इंटरनेट जोडून आपोआप वेळ घेणं चालू केलं की ते अडीच तास पुढे उडी मारतं. टाइमझोन आधी, ते एवढ्यासाठीच.

इंटरनेट परत जोडणार असाल तर एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप वेळ घेण्याची सोय चालू करा. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचा टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग हा पत्ता चालतो. जोडणार नसाल तर दर महिन्याच्या १ तारखेला हाताने.

## ७. साठवण: "एक महिना राहतं" हे खरं का

कोटेशनमध्ये ३० दिवस लिहिलेले असतात. हिशोब करून बघा.

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्रण दाबून साठवायच्या पद्धतीने सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला २१.६ जीबी होतात. १६ कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे ३४६ जीबी. ४ टीबीची हार्डडिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. ३० दिवस हवे असतील तर साधारण साडेदहा टीबी लागतील. सेटिंग एच.२६४ या जुन्या पद्धतीवर आणि ४ मेगाबिटवर असेल तर ४ टीबीत सहा दिवसही राहणार नाहीत.

हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्डिंग केलं तर दिवस वाढतात, पण गेट, लिफ्टची लॉबी आणि पार्किंगचं तोंड इथे रेकॉर्डिंग अखंडच ठेवा. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोर हलणारं एक जाळं रात्रभर "हालचाल" म्हणून नोंदवलं जातं. पावसाळ्यात तर विचारूच नका. महिन्यातून एकदा झाडूच्या काडीला मऊ फडकं बांधून काच पुसणं हा उपाय कुठल्याही सेटिंगपेक्षा भारी पडतो.

तपासा: प्रत्येक चॅनेलचं सर्वांत जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते बघा. तोच तुमचा खरा आकडा. सभेत सांगायचा तोही हाच.

## ८. जागा, वीज आणि कॅमेऱ्याचा रोख

चोर डीव्हीआरच उचलून नेतात, हे आता नवीन राहिलेलं नाही. वॉचमनच्या टेबलाखाली ठेवलेला डबा ही त्यांची सोय. भिंतीवर ठोकलेल्या, कुलूप लागणाऱ्या, हवा खेळणाऱ्या रॅकमध्ये तो सोसायटीच्या ऑफिसात ठेवा आणि केबिनमध्ये फक्त मॉनिटर राहू द्या. मीटर रूम आणि लिफ्टची मशीन रूम दोन्ही टाळा. तिथली उष्णता आणि धूळ हार्डडिस्क खाते.

यूपीएसवर नुसता रेकॉर्डर लावून लोक निश्चिंत होतात. कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय किंवा पीओई स्विचही त्याच यूपीएसवर हवा. नाहीतर वीज गेल्यावर रेकॉर्डर इमानेइतबारे काळा पडदा रेकॉर्ड करत बसतो. मेन स्विच बंद करून दहा मिनिटं बघा, म्हणजे कळेल.

अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा तर चित्रात एका मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात, हे मानक आहे. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल, म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीचा पट्टा. एकाच कॅमेऱ्यात अख्खं पार्किंग बसवलं की माणूस दिसतो, चेहरा नाही. गेटवरचा एक कॅमेरा अरुंद रोखाने, डोक्याच्या थोडा वर लावा.

कोणाच्या घराचं दार उघडल्यावर आतलं दिसेल, खिडकी येईल, असा रोख नको. रेकॉर्डरमध्ये त्या भागावर काळा पट्टा टाकायची सोय असते, ती वापरा. माइक असेल तर बंद करा. कॅमेरे चालू असल्याची मराठीतली पाटी गेटवर लावा.

## ९. इंटरनेट परत जोडायचं असेल तर

आधी ठरवा, गरज आहे का? कमिटीतल्या दहा जणांना मोबाइलवर लॉबी बघायची हौस असते, कामासाठी दोघांना पुरे.

जोडायचंच तर आधी राउटरमध्ये जा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून येणाऱ्याला थेट आतल्या उपकरणाकडे पाठवणाऱ्या वाटांच्या) यादीत ८०, ५५४, ८००० किंवा ३७७७७ असे पोर्ट रेकॉर्डरकडे वळवलेले दिसले तर ते काढा. यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना स्वतःहून अशी वाट उघडू देणारी सोय, राउटरमध्येही बंद करा आणि रेकॉर्डरमध्येही. एकीकडे चालू राहिलं की काढलेलं दार गुपचूप पुन्हा उघडू शकतं. राउटरचा स्वतःचा पासवर्डही बदला. सोसायटीचं वायफाय वॉचमन, डिलिव्हरीवाले, पाहुणे वापरत असतील तर त्यांना गेस्ट नेटवर्क द्या.

मग केबल लावा आणि सोसायटीच्या नव्या ईमेलवरून ॲपचं खातं काढा. इतरांना पासवर्ड न देता त्या खात्यातून "शेअर" करा, म्हणजे माणूस कमिटीतून गेला की एका बोटाने त्याचं बघणं बंद करता येतं.

तपासा: राउटरमध्ये दिसणारा बाहेरचा आयपी पत्ता लिहून घ्या. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. रेकॉर्डरचं लॉगइन पान उघडलं तर काम झालेलं नाही, केबल काढा आणि राउटर पुन्हा तपासा. राउटरमध्ये आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याची फायरवॉलही चालू हवी.

## १०. कोणी फूटेज मागितलं तर

रहिवासी असेल तर लेखी अर्ज घ्या आणि ऑफिसात कमिटीच्या दोघांसमोर दाखवा. कॉपी देऊ नका, मोबाइलने पडद्याचं चित्रण करू देऊ नका. वहीत तारीख, वेळ, कारण आणि सह्या. चोराचा फोटो म्हणून ग्रुपवर टाकलेला माणूस कुरियरवाला निघाला तर बदनामीचं प्रकरण सोसायटीच्या गळ्यात पडतं.

पोलीस असतील तर सहकार्य करा, पण लेखी पत्र मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते असं पत्र देतात. मग:

१. मूळ स्वरूपातलीच फाइल काढा आणि ती चालवायला लागणारा प्लेअरही त्याच पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली कॉपी दबलेली असते, वाहनाचा नंबर त्यात वाचता येत नाही.

२. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा काढा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा एसएचए-२५६ चा आकडा देते. तो वहीत उतरवा. फाइलमध्ये नंतर एक बिट जरी बदलला तरी हा आकडा बदलतो.

३. घड्याळातला फरक पत्रात लिहा, नसेल तर "फरक नाही" असं लिहा.

४. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब ची जागा त्याने घेतली आहे. त्याचे दोन भाग आहेत: पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लिहावा लागतो. सोसायटीची सही पहिल्या भागावर.

पोलिसांनी अख्खा रेकॉर्डर किंवा हार्डडिस्क नेली तर पंचनाम्याची प्रत घ्या आणि त्यात दोन्हींचे सिरीयल नंबर आहेत ते बघा. त्याच दिवशी दुसरी हार्डडिस्क बसवा.

## एएमसीच्या करारात घालायच्या ओळी

दुरुस्तीसाठी माणूस आला की त्याला तात्पुरतं खातं द्या आणि तो गेल्यावर काढा. कमिटी बदलली की दहा मिनिटांत ॲडमिन पासवर्ड बदला आणि बंद पाकिटात ऑफिसच्या तिजोरीत ठेवा.

हार्डडिस्क बिघडली की ती बदलून जुनी घेऊन जायची पद्धत आहे. "खराब" म्हणून नेलेल्या डिस्कवरचं फूटेज बऱ्याचदा व्यवस्थित वाचता येतं. जुनी डिस्क सोसायटीकडेच राहील, अशी ओळ करारात घाला. वॉरंटीसाठी द्यावीच लागणार असेल आणि ती अजून चालत असेल, तर लॅपटॉपला जोडून पूर्ण पुसून मगच द्या. क्विक फॉरमॅट पुरेसं नाही. चालतच नसेल तर वॉरंटीवर पाणी सोडा आणि तिच्यात चार-पाच ठिकाणी ड्रिलने भोकं पाडा.